टिंबाचा हिशेब

गेल्या भाद्रपदात आपल्या संघटनेच्या कार्यकारी मंडळाची बैठक भरली असता विषयपत्रिकेवरील सातवा विषय ‘नवीन लेटरहेड छापून घेणे’ असा होता. विषय दोन मिनिटांत आटपेल असे सर्वांस वाटत होते. परंतु तो पाऊण तास चालला आणि तरीही सुटला नाही. वाद कागदाच्या दराचा नव्हता, रंगाचाही नव्हता. आपल्या संघटनेच्या इंग्रजी नावात ‘मर्चंट्स’ हा जो शब्द येतो, त्याच्या डोक्यावर एक लहानसा स्वल्पविराम टांगावयाचा किंवा नाही, आणि टांगावयाचा तर शेवटच्या ‘एस’ या अक्षराच्या आधी की नंतर, एवढाच काय तो प्रश्न होता. जुन्या लेटरहेडावर ते चिन्ह आधी आहे, दारावरच्या फलकावर ते नंतर आहे, आणि पावतीपुस्तकावर ते मुळीच नाही. एका सभासदाने तिन्ही कागद टेबलावर मांडले तेव्हा हशा पिकला. या वादात आम्ही जरा अधिक बोललो, त्याची शिक्षा म्हणून संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी याच विषयावर लिहिण्याचे काम आमच्या गळ्यात घातले आहे.

आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. इंग्रजी व्याकरणावर आम्ही लिहावे हे वाचकांस अव्यापारेषु व्यापार वाटेल. परंतु या चिन्हांनी आमच्या घरात एकदा जो उत्पात केला, तो पाहता त्यांची ओळख करून घेणे आम्हांस भागच पडले. तो प्रसंग पुढे सांगतो. प्रथम लेटरहेडाचा वाद पुरा करू.

त्या टांगलेल्या चिन्हास इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी म्हणतात. मराठीत त्याचे काम षष्ठीचा प्रत्यय करतो. ‘व्यापाऱ्याची संघटना’ आणि ‘व्यापाऱ्यांची संघटना’ यांत आपल्याकडे एका अनुस्वाराचा फरक; इंग्रजीत तो फरक हे चिन्ह कोठे बसते यावर ठरतो. ‘एस’च्या आधी बसले तर मालक एक, ‘एस’च्या नंतर बसले तर मालक अनेक. म्हणजे आपल्या जुन्या लेटरहेडाचा अर्थ काटेकोरपणे घेतला तर ही संघटना कोणा एकाच व्यापाऱ्याची ठरते! (अध्यक्षांनी हे हसून घेतले, याबद्दल त्यांचे आभार.) चिन्ह मुळीच नसले तरी अलीकडे कोणी दोष देत नाही. इंग्लंडातील वॉटरस्टोन्स या पुस्तकविक्रीच्या प्रसिद्ध पेढीने २०१२ साली आपल्या नावातून ते चिन्ह काढून टाकले, तेव्हा तेथील भाषाप्रेमी मंडळी हळहळली; पण विक्री थांबली नाही.

याच संबंधात एक गोष्ट आपल्या व्यवसायबंधूंच्या कानावर घालण्यासारखी आहे. जेथे नुसते अनेकवचन करावयाचे तेथे हे चिन्ह उगाच घुसडणे, या दोषास इंग्लंडात ‘भाजीवाल्याची अपॉस्ट्रॉफी’ असे नावच पडले आहे. दुकानासमोर खडूने लिहिलेल्या पाट्यांवर ‘पोटॅटोज’, ‘टोमॅटोज’ या शब्दांत ती हटकून सापडते म्हणून हे नाव. पाट्या लिहिण्यात आपली जात जगभर सारखीच दिसते. आमच्यापुरते कबूल करावयाचे तर, पत्राच्या शेवटी ‘युअर्स फेथफुली’ लिहिताना ‘युअर्स’ या शब्दात आम्ही चाळीस वर्षे हे चिन्ह घालीत आलो. तेथे ते कधीच लागत नाही. हे आम्हांस आमच्या नातीने सांगितले, आणि तेही पाहुण्यांदेखत.

आता कोणी म्हणेल, आपल्या वाडवडिलांनी ही चिन्हे कोठे वापरली? त्यांचे व्यापार अडले नाहीत. खरे आहे. आमचे वडील अण्णा हे काळी नदीच्या काठी सुपा येथे दुकान चालवीत. ते गाव धरणाच्या पाण्याखाली जाणार असे ठरल्यावर आम्ही रामनगरास येऊन राहिलो. सामान हलविताना अण्णांनी सर्वांत आधी काय बांधले असेल तर त्यांच्या वडिलांच्या वेळच्या मोडी रोजकीर्दी. त्या आजही आमच्या पेढीत आहेत. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरे टांगीत जातो. शब्द कोठे संपला, वाक्य कोठे तुटले, हे वाचणाऱ्याने ओळखावयाचे. ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. पोथीत वाक्य थांबविण्यास जो उभा दंड वापरतात, तोच दंड या चोपड्यांत दिसतो. पण तेथे तो वाक्य थांबवीत नाही, तेथे तो पैसा असतो. एक दंड म्हणजे पावली, दोन दंड म्हणजे अर्धा रुपया, तीन म्हणजे पाऊण. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि त्या दंडांची कामगिरी संपली.

मग त्या वेळी घोटाळे होत नसत काय? होत असत. उत्तरेकडील महाजनी लिपीबद्दलचा विनोद आपल्या बाजारपेठांत अजून सांगतात. त्या लिपीत काना-मात्रा गाळण्याची चाल होती. पेढीवरून घरी पत्र गेले की काका अजमेरला गेले. घरी वाचले गेले की काका आज मेले, आणि रडारड सुरू झाली. आपल्या जैन वाङ्मयात हेमचंद्राचार्यांच्या परिशिष्टपर्वात कुणालाची कथा आहे, ती तर विनोदाची नाही. अशोक राजाने उज्जयिनीस पत्र धाडले की कुमाराने आता अध्ययन करावे. मूळ प्राकृत शब्द ‘अधीयउ’. सावत्र आईने त्यावर एक टिंब दिले आणि शब्द झाला ‘अंधीयउ’, म्हणजे कुमारास अंध करावे. पित्याची आज्ञा म्हणून त्या मुलाने स्वतःचे डोळे फोडून घेतले. पुढे त्याचाच पुत्र संप्रती राजा झाला. हे टिंब अनुस्वाराचे, विरामाचे नव्हे, हे आम्ही जाणतो. पण कागदावरच्या टिंबाचे वजन किती असते, ते या कथेइतके कोठेच कळत नाही.

जुने व्यापारी हा धोका ओळखून होते, आणि त्यांनी त्यावर आपल्या परीने उपाय केला होता. हुंडीचा मजकूर पाहावा. हजार रुपये असे लिहून ते थांबत नसत. ‘निमे पाचशे, त्यांचे दुप्पट’ असे पुन्हा लिहीत. एकच गोष्ट दोन वाटांनी सांगावयाची, म्हणजे वाचणाऱ्यास तिसरा अर्थ काढावयास जागा राहात नाही. आमच्या मते विरामचिन्हांचे काम नेमके हेच आहे. फरक इतकाच की जे काम हुंडीवाला चार शब्दांनी करीत असे, ते इंग्रज एका टिंबाने करतो. मापात खोट नसावी हे आपण पोत्याबद्दल जितके पाळतो, तितकेच लिहिलेल्या शब्दाबद्दल पाळावे, म्हणजे घेणाऱ्यास एकच अर्थ पोहोचावा. व्याकरण पंडितांनी पाहावे. व्यापाऱ्यास एवढे पुरे.

ही चिन्हे मराठीत आली ती एका लष्करी अधिकाऱ्यामुळे. मेजर थॉमस कँडी हे मोल्सवर्थ साहेबांच्या १८३१ सालच्या मराठी-इंग्रजी कोशाचे सहकारी. १८४७ साली त्यांचा इंग्रजी-मराठी कोश निघाला, आणि १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे छोटे पुस्तक. मराठी लिहिणाऱ्यास ही इंग्रजी चिन्हे समजावून देणे हाच त्या पुस्तकाचा विषय. इंग्रजांनीही ती घरी घडविली नव्हती. इसवी सनापूर्वी अलेक्झांड्रिया येथे ॲरिस्टोफेनिस नावाचा ग्रीक ग्रंथपाल होऊन गेला. मोठ्याने वाचणाऱ्याने कोठे किती थांबावे हे कळावे म्हणून त्याने ओळीत तीन उंचींवर टिंबे देण्याची युक्ती काढली. ‘कॉमा’ हा शब्द तेथलाच, अर्थ ‘कापलेला तुकडा’. पुढे व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युटियस या मुद्रकाच्या छापखान्यात पंधराव्या शतकाच्या अखेरीस अर्धविराम जन्मास आला. व्हेनिस म्हणजे व्यापाऱ्यांचे गाव, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

आमच्या जोयडा तालुक्यात याचे प्रत्यंतर रोज येते. सरकारी कागद कानडीत, घरचे पत्र मराठीत, बाजारातले बोलणे कोंकणीत, आणि बिल इंग्रजीत. गोव्याकडील काही गिऱ्हाइके कोंकणी रोमी अक्षरांत लिहितात. लिपी निरनिराळ्या, अक्षरे एकमेकांस ओळख देत नाहीत. पण स्वल्पविराम सर्वत्र तोच, प्रश्नचिन्ह तेच. चार भाषांच्या या बाजारात एवढेच एक नाणे सर्व दुकानांत चालते.

आता आमचा प्रसंग.

साल १९८३, वैशाख संपत आलेला. रामनगरास येऊन फार दिवस झाले नव्हते. गोदामावर नवे पत्रे घातले होते, पण सांधे अजून पक्के झालेले नव्हते. गोदामात तांदळाची एकशेवीस पोती होती आणि ती मडगावच्या एका घाऊक व्यापाऱ्यांनी घेण्याचे तोंडी ठरले होते. माल त्यांच्यासाठी राखून ठेवला होता. आमच्या भागात पाऊस कसा पडतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस सांगावयास नको. मृग लागण्यापूर्वी माल घाटाखाली उतरला पाहिजे, ही घाई दोन्ही बाजूंस होती. अशात त्यांची तार आली. इंग्रजीत होती. आशय असा की, माल दुसऱ्यास विकलात काय, तारेने कळवा.

अण्णा म्हणाले, “कळव, विकलेला नाही. माल त्यांची वाट पाहात ठेवला आहे.” घरात मॅट्रिक झालेले आम्ही एकटेच, इंग्रजी तार लिहिणे हा आमचा मान. लोंढ्यास जाऊन आम्ही फॉर्म घेतला आणि ऐटीत लिहिले: ‘नो स्टॉप स्टॉक वेटिंग’. म्हणजे, नाही, माल वाट पाहात आहे. तारेत टिंब पाठविण्याऐवजी ‘स्टॉप’ हा शब्द घालण्याची चाल होती हे जुन्या वाचकांस आठवत असेल. शब्द मोजून पाहिले तो पत्त्यासकट एक शब्द किमान दराच्या बाहेर जात होता. एका शब्दासाठी जास्त पैसे कशाला भरावे? ‘स्टॉप’ खोडला. तार गेली: ‘नो स्टॉक वेटिंग’.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. आम्ही आठ दिवस लॉरीची वाट पाहिली. नवव्या दिवशी अण्णांनी आम्हांस मडगावास धाडले. कॅसलरॉकवरून दूधसागरच्या बोगद्यांतून गाडी उतरत होती तेव्हाच डोंगरावर ढग बसले होते. त्या गृहस्थांनी आमचे आगतस्वागत केले, चहा दिला आणि म्हणाले, “तुमचा माल संपल्याचे वाईट वाटले. आम्ही मग दुसरीकडून घेतला.” आम्ही म्हणालो, माल तर गोदामात आहे. त्यांनी काही न बोलता तारांच्या आकड्यातून आमची तार काढून पुढे ठेवली. आम्ही ती वाचली. पुन्हा वाचली. तीन शब्द होते, आणि त्यांचा सरळ अर्थ एकच होता: कोणताही माल वाट पाहात नाही. त्यांची काडीचीही चूक नव्हती. आमच्या जागी कोणताही इंग्रजी जाणणारा मनुष्य असता तर त्याने तेच वाचले असते.

परत येईपर्यंत पाऊस सुरू झाला. पत्र्याच्या सांध्यातून पाणी उतरले आणि भिंतीकडची अडतीस पोती भिजली. ती वाळविण्यास ऊन मिळेना. तांदळास बुरस आली, वास लागला. उरलेला माल मिळेल त्या दरात काढावा लागला. एकूण सहा हजारांवर तूट आली. ती रक्कम आज लहान वाटेल. त्या वर्षी आमच्या आक्काचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते आणि त्यासाठी बाजूस ठेवलेला पैसा त्याच मालात गुंतला होता. वराकडील मंडळी समंजस, त्यांनी लग्न वैशाखापर्यंत पुढे ढकलण्यास मान्यता दिली. आक्का आता सत्तरीच्या घरात आहे. अजूनही चारचौघांत म्हणते, “आमच्या धाकट्याने एक टिंब वाचविले आणि मला पाच महिने थांबविले.”

अण्णा आम्हांस रागे भरले नाहीत. ते वाईट होते. त्यांनी फक्त रोजकीर्दीत तूट लिहिली आणि कारणाच्या रकान्यात, जेथे एरवी ‘पावसाने’ किंवा ‘उंदरांनी’ असे लिहीत, तेथे लिहिले, ‘टिंब न दिल्यामुळे’. ती तार आम्ही मडगावाहून मागून आणली होती. ती त्याच पानावर चिकटविली आहे. तारखाते २०१३ च्या जुलैत बंद झाले तेव्हा पुष्कळांनी हळहळ केली. आम्हांस फारशी वाटली नाही.

त्यानंतर आम्ही बेळगावास जाऊन एक शालेय इंग्रजी व्याकरण विकत घेतले आणि त्यातील विरामचिन्हांचा भाग दुकानात बसून, गिऱ्हाइके सांभाळीत पाठ केला. त्यातून व्यापाऱ्याच्या उपयोगाचे जे निघाले ते थोडेच आहे.

इंग्रजीत सर्वांत मोठा मित्र पूर्णविराम, ज्यास ते फुलस्टॉप म्हणतात. आपण मराठी माणसे एक वाक्य सुरू केले की ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’ असे दुवे जोडीत पुढे जातो. तीच सवय इंग्रजीत नेतो आणि दुव्यांऐवजी नुसते कॉमे पेरतो. ‘आपले पत्र मिळाले, माल उद्या निघेल, बिल सोबत आहे, रक्कम पाठवावी’ हे मराठीत खपते. इंग्रजीत ही चार वाक्ये आहेत, त्यांस चार पूर्णविराम हवेत. नुसत्या कॉम्याने दोन स्वतंत्र वाक्ये सांधणे तेथे दोष मानतात. शंका आली की कॉमा खोडून टिंब द्यावे आणि पुढचे अक्षर मोठ्या लिपीत घ्यावे. हा नियम पाळल्यापासून आमची पत्रे आखूड झाली आणि उत्तरे लवकर येऊ लागली.

प्रश्नचिन्हाची एक गंमत आहे. ‘माल केव्हा पोहोचेल?’ येथे ते हवे. ‘माल केव्हा पोहोचेल ते कळवावे’ येथे नको, कारण आपण प्रश्न विचारलेला नाही, विनंती केली आहे. आमच्या भागातील दहापैकी नऊ पत्रांत येथे प्रश्नचिन्ह असते. आणि अवतरणचिन्हे! दुकानाच्या पाटीवर ‘शुद्ध’ किंवा ‘ताजे’ हा शब्द ठसठशीत दिसावा म्हणून आपण त्यास दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हे लावतो. इंग्रजी वाचणाऱ्यास त्याचा अर्थ उलटा लागतो: हे आपले म्हणण्यापुरते शुद्ध, खरे कोणास ठाऊक! तुपाच्या पाटीवर तर ही चिन्हे मुळीच देऊ नयेत. अर्धविरामाबद्दल आम्ही जास्त लिहीत नाही, कारण इंग्रजी पत्रात तो वापरण्याचे धैर्य आम्हांस अजून झालेले नाही.

पण कॉम्याबद्दल अधिक लिहिले पाहिजे. यादी करताना मराठीत आपण ‘तांदूळ, गहू, डाळ आणि गूळ’ असे लिहितो; ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम देत नाही. इंग्रजीत याबाबत दोन पंथ आहेत. एक पंथ तो देतो, दुसरा देत नाही. पंथाचे भांडण पंथाजवळ राहिले असते तर आम्ही त्यात पडलो नसतो. पण ते न्यायालयात गेले. अमेरिकेतील मेन राज्यात असा कायदा होता की नाशवंत खाद्यपदार्थांच्या काही कामांस जादा वेळेची मजुरी द्यावी लागत नाही. त्या कामांची यादी कायद्यात होती: डबाबंद करणे, प्रक्रिया करणे, टिकविणे, गोठविणे, वाळविणे, विक्रीस आणणे, साठविणे, आणि शेवटी ‘पाठवणीसाठी किंवा वाटपासाठी बांधणे’ की ‘पाठवणीसाठी बांधणे, किंवा वाटप करणे’? इंग्रजी मजकुरात ‘किंवा’च्या आधी कॉमा नव्हता, म्हणून दोन्ही अर्थ निघत होते. ओकहर्स्ट डेअरीचे गाडीवान माल वाटीत, बांधीत नसत. ते म्हणाले, यादीत फक्त बांधणे आहे, वाटणे नाही. आमची जादा मजुरी द्या. मार्च २०१७ मध्ये तेथील वरिष्ठ न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरविला आणि संदिग्धतेचा फायदा गाडीवानांस दिला. २०१८ साली पन्नास लक्ष डॉलरवर तडजोड झाली. न्यायालयाच्या त्या निकालानंतर राज्याने तो कायदा दुरुस्त केला आणि यादीतील प्रत्येक कामापुढे अर्धविराम ठोकला! आमची सहा हजारांची तूट आम्ही त्या दिवशी प्रथमच हलक्या मनाने आठविली.

आकड्यांतील चिन्हे हा तर आपला रोजचा विषय, आणि तेथे तर इंग्रजी पुस्तकावर डोळे झाकून विसंबता येत नाही. आपण हजारानंतर दोन-दोन अंकांनी कॉमा देतो: १२,५०,०००. तीच रक्कम परदेशी तीन-तीन अंकांनी तोडतात: १,२५०,०००. संगणकावर परदेशी पद्धत बसविलेली असली की आमचे दिवाणजी साडेबारा लाख वाचताना दर वेळी बोटाने शून्ये मोजतात. घाटाखाली याहून निराळी तऱ्हा होती. वास्कोच्या एका जुन्या दुकानदाराने आम्हांस त्याच्या वडिलांच्या वेळची, पोर्तुगीज अमदानीतील पावती दाखविली होती. पोर्तुगीज रीत आपल्या नेमकी उलट: हजाराच्या जागी टिंब आणि अपूर्णांकाच्या जागी कॉमा. १९५८ ते १९६१ या काळात तेथे एस्कुदो हे चलन होते. अडीच एस्कुदो लिहिताना दोन आणि पन्नास यांच्या मध्ये डॉलरसारखे चिन्ह घालीत. आमच्या दुकानातील विजेचा काटा दीड किलो तांदूळ १.५०० असा दाखवितो. तोच आकडा त्या रीतीने वाचला तर दीड हजार होतो. कॅसलरॉकच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरे!

आपण रकमेपुढे जी तिरपी रेघ आणि आडवी रेघ ओढतो, तीही इंग्रजांचीच देणगी. शिलिंग आणि पेन्स यांच्या मध्ये ते तिरपी रेघ घालीत, आणि पेन्स काहीच नसले तर त्या जागी आडवी रेघ. शिलिंग-पेन्सचा तो हिशेब इंग्लंडातून १९७१ साली गेला; आपल्याकडे ती रेघ प्रत्येक पावतीवर आहे, आणि असावी, कारण तिच्यामुळे रकमेपुढे कोणास आणखी शून्य चिकटविता येत नाही. ‘अक्षरी रुपये अमुक मात्र’ यातील ‘मात्र’ हाही एक पूर्णविरामच.

आणि १ जुलै २०१७ पासून जी जीएसटी पद्धत आली, तिच्या नियमांत बिलाच्या क्रमांकास सोळाहून अधिक अक्षरे-आकडे चालत नाहीत, आणि चिन्हे दोनच चालतात: आडवी संयोगरेघ आणि तिरपी रेघ. टिंब नाही, कॉमा नाही. आमचे बिलक्रमांक पूर्वी टिंब देऊन लिहिले जात. अण्णांच्या त्या नोंदीचा मान राखून आम्ही ती चाल धरली होती. ती सोडावी लागली.

मोबाइलवरील संदेशांत तर हल्ली चिन्हांचा मागमूस राहिलेला नाही. नात म्हणते, वाक्याच्या शेवटी टिंब दिले तर मैत्रिणींस वाटते की ही रागावली आहे. असेल. तरुणांच्या भाषेत आम्ही पडत नाही. परंतु गेल्या दिवाळीस एका गिऱ्हाइकाचा संदेश आला, ‘डाळ नको गूळ पाठवा’, तेव्हा आम्ही चिरंजीवांस हात लावू दिला नाही. स्वतः फोन केला. त्यांस डाळच हवी होती.

लेटरहेडाचे काय झाले असे वाचक विचारतील. चिन्ह ‘एस’च्या नंतर द्यावे, असा ठराव आम्ही मांडला व तो बहुमताने संमत झाला. इतक्यात खजिनदारांनी कपाट उघडून पाहिले, तो जुन्या लेटरहेडाचे चारशे कागद शिल्लक निघाले. ते संपेपर्यंत नवीन छापू नयेत, असा दुसरा ठराव एकमताने मंजूर झाला.